लेबलावर बत्तीस, आत बेचाळीस

१

नीलतळ डायव्हिंग सेंटरमध्ये सुचित्रा परबांना कुणी बसा म्हटलं नाही. लालबागच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातली पहिल्या मजल्यावरची जागा, भिंतींवर रंगीबेरंगी माशांचे फोटो, आणि काउंटरमागे मालक हितेंद्र पाठारे मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेला. सुचित्राबाईंनी स्वतःच एक खुर्ची ओढली आणि कर्रकन आवाज करत त्याच्यासमोर मांडली. त्यांची तीस वर्षं माझगावच्या गोदीत जहाजांच्या बंद टाक्यांमधली हवा मोजण्यात गेली होती. टाकीत माणूस उतरवायचा की नाही ते त्यांच्या सहीवर ठरे, आणि उशीर होतो म्हणून शिव्या घालणारे फोरमन त्यांनी ढिगाने पाहिले होते. हितेंद्रच्या आंबट चेहऱ्याने त्यांचं काही बिघडणार नव्हतं.

निवृत्तीनंतर पाणबुड्यांना शिकवणाऱ्या संस्थेने त्यांना तपासनीस नेमलं होतं. काम साधं होतं आणि वाईट होतं. दोन रविवारांपूर्वी मालवणच्या पुढे खोल समुद्रात, तीस मीटरवर, अवधूत घाडी नावाच्या सत्तावीस वर्षांच्या विद्यार्थ्याला झटका आला, तोंडातली नळी सुटली आणि वर आणेपर्यंत सगळं संपलं होतं. तो नायट्रॉक्स शिकत होता. साध्या हवेत ऑक्सिजन एकवीस टक्के असतो. नायट्रॉक्समध्ये तो वाढवून बत्तीस करतात, म्हणजे पाण्याखाली जास्त वेळ थांबता येतं. पण टक्का चुकीचा असेल तर खोलवर तोच ऑक्सिजन विषासारखा चढतो. म्हणून प्रशिक्षणाचा पहिला नियम असा की प्रत्येक विद्यार्थ्याने आपली टाकी आपल्या हाताने मीटरवर मोजायची आणि आकडा लेबलावर लिहून सही करायची. दुसऱ्याने मोजलेलं चालत नाही.

अवधूतच्या टाकीवर लेबल होतं, सही होती आणि आकडा होता ३२.४. पोलिसांनी ती टाकी प्रयोगशाळेत नेली. आत निघाले बेचाळीस.

"सरळ आहे मॅडम," हितेंद्र मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला. "पोराने मोजलंच नाही. अंबिका तांडेल, आमची इन्स्ट्रक्टर, आधीच लेबलं लिहून ठेवते आणि पोरांच्या सह्या घेते. टाइम वाचतो ना. मी पोलिसांना स्टेटमेंट दिलंय. तुम्ही पण तेच लिहा, विषय संपवा."

"आणि मीटर? तो नीट होता?"

"तो डब्बा?" हितेंद्र पहिल्यांदा वर बघून हसला. "मोकळ्या हवेत एकवीस दाखवायला पाहिजे, तर सोळा दाखवत होता. सेन्सर मेलेला. बाईला ते पण कळलं नाही. मी बदलून घेतला."

"कधी?"

"नंतर. तारखा कोण लक्षात ठेवतो? मी काम करतो मॅडम, तुमच्यासारखा फिरत नाही."

सुचित्राबाईंनी वहीत 'सोळा' लिहिलं आणि उठल्या. उद्या सकाळी दहाला अहवाल द्यायचा होता. त्यावर अंबिका तांडेलचं शिकवायचं कार्ड जाणार की राहणार, आणि पोलीस तिच्यावर कुठलं कलम लावणार, ते ठरायचं होतं.

खाली फाटकाशी एक म्हातारा उभा होता. धुतलेला शर्ट, वरपर्यंत लावलेली बटणं. तो वाटेतून हलला नाही.

"तूच ती तपासणीवाली?" त्याने विचारलं. "मी अवधूतचा बाप. तात्या म्हणतात मला, करी रोडला. हा पाठारे सांगत सुटलाय की माझ्या पोराने न मोजता सही केली. माझा पोरगा रॉकेलच्या बाटलीलासुद्धा चिठ्ठी लावायचा. मला एकच सांग, त्याने मोजली होती की नाही?"

"अजून माहीत नाही, तात्या."

"मग कशाला फिरतेस?" असं म्हणून तो बाजूला झाला आणि पचकन थुंकला.

२

माहीमच्या खाडीला लागून अंबिका तांडेल आपल्या भावाच्या होडीचं इंजिन खोलून बसली होती. हात कोपरापर्यंत काळे. कार्ड गोठवल्यापासून तिला दुसरं काही काम नव्हतं.

"या, शिक्का मारायला आलात ना? मारा," ती म्हणाली. "पाठारेने लिहून दिलंय, तुम्ही खाली सही करा. तुमची जमात सहीचीच."

"तुम्ही लेबलं आधी लिहून ठेवता?"

अंबिकाने पाना खाली आपटला. "नऊ वर्षं शिकवतेय. माझ्या डोळ्यांसमोर प्रत्येकाने मोजलंय. अवधूतने तर दोनदा. तो तसाच होता, चिकट. मी त्याला चिडवलं पण, म्हटलं अरे लग्न करतोयस का त्या टाकीशी." तिचा आवाज इथे फुटला आणि त्याचा तिला रागच आला. "शुक्रवारी दुपारी मोजलं. चार वाजता टेम्पो मालवणला गेला. माझी टाकी पण त्यातच होती. मी तीच वापरली."

"तुम्ही किती खोल गेलात?"

"वीसपर्यंत. वर राहिलेल्या तिघांबरोबर. खोल फक्त अवधूत आणि विनीत गेले. त्यांची परवानगी होती तेवढी. बत्तीस टक्क्याला तेहतीस मीटरपर्यंत चालतं, ते तीसला थांबणार होते."

सुचित्राबाईंनी मान हलवली. बेचाळीस टक्के असले तरी वीस मीटरवर माणसाला काही होत नाही. म्हणजे बाकीचे वाचले यावरून त्यांच्या टाक्या चांगल्या होत्या असं म्हणता येत नव्हतं.

"मोजण्याआधी मीटर हवेवर लावतात. एकवीसवर. तो कुठे लावला?"

अंबिकाने पुन्हा पाना उचलला. "नियमाप्रमाणे."

"नियमात मोकळी हवा लिहिलंय."

"मला कशाला शिकवता? नियमाप्रमाणे म्हटलं ना!" ती ओरडली आणि इंजिनात डोकं घातलं.

गोदीत सुचित्राबाईंनी एक गोष्ट शिकून घेतली होती. माणूस खरं सांगत असताना जागा विचारली की जागा सांगतो. नियम सांगायला लागला की त्याला काहीतरी झाकायचं असतं.

३

विनीत सबनीस दादरच्या एका विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. पाण्याखाली अवधूतचा जोडीदार तोच. त्याने त्यांना केबिनच्या दारातच उभं केलं.

"मला वकिलांनी बोलू नका म्हणून सांगितलं आहे," तो म्हणाला. "मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. तुम्हाला काय वाटतं, मला झोप लागते? आणि आता तुम्ही विचारणार की मी त्याला वाचवलं का नाही."

"नाही. मी विचारणार आहे की तुमची तब्येत तेव्हा कशी होती."

विनीतचा राग जरा अडखळला. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. "माझी? थंडी वाजत होती. म्हणजे ओठ उडत होते. आपोआप, असे. कानात गुणगुण. मग त्याला झटका आला आणि मी त्याला धरून वर निघालो."

त्या दिवशी पाणी सत्तावीस अंशांचं होतं, असं पोलिसांच्या कागदात लिहिलं होतं. एवढ्या कोमट पाण्यात कुणाचे ओठ थंडीने उडत नाहीत. ऑक्सिजन जास्त झाला की मात्र झटक्याच्या आधी नेमके ओठच उडतात. बिघडलेली टाकी एकच नव्हती. पण विनीतची टाकी आता कोण तपासणार? हितेंद्रने बाकीच्या सगळ्या टाक्या रिकाम्या करून पुन्हा भरून टाकल्या होत्या.

"लेबलांचे फोटो आहेत?"

होते. निघण्याआधी ग्रुपवर टाकायला त्याने काढले होते. सहा टाक्या ओळीत उभ्या, सहा चिकटपट्ट्या, सहा वेगवेगळी अक्षरं. सुचित्राबाईंनी चष्मा पुसून आकडे वाचले. ३१.७. ३२.१. ३२.४. ३१.९. ३२.२. ३२.०.

"आधीच लिहून ठेवायचं तर कुणीही सहाच्या सहांवर बत्तीस लिहील," त्या म्हणाल्या. "दशांश वेगवेगळे लिहायला मोजावं लागतं."

"मी कुठे म्हणालो मोजलं नाही? सगळ्यांनी मोजलं. तिथेच, आत."

"आत म्हणजे?"

"टाक्या भरायच्या खोलीत. एरवी आम्ही मागच्या गॅलरीत मोजतो. पण त्या आठवड्यात खाली माघी गणपतीचं रंगकाम चाललं होतं. मूर्तिशाळेतून स्प्रेचा वास वर येत होता, डोळे चुरचुरत होते. अंबिकाच म्हणाली, आत या आणि दार लावा. मीटर हवेवर लावला तोही तिथेच." विनीतने घड्याळाकडे पाहिलं. "झालं तुमचं?"

झालं नव्हतं. अंबिका तांडेल खोटं बोलली होती, आणि बरोबर त्याच ठिकाणी बोलली होती जिथे बोलायला नको होतं.

४

दुपारी त्या परत लालबागला आल्या. हितेंद्र जेवायला गेला होता. टाक्या भरायची खोली आठ बाय दहाची, एसीची, एकच दार. एका भिंतीशी ऑक्सिजनचे उंच सिलिंडर, त्यांना नवा कोरा पाइप. कोपऱ्यात कॉम्प्रेसर, त्याच्यावर गणपतीचा फोटो आणि रिकामं अगरबत्तीचं घर. टाक्या भरणारा लवू मेस्त्री, पन्नाशीचा, दारात आडवा उभा राहिला.

"बाई, माका कायएक विचारू नकात. मी काय बोलाचंय नाय."

"लवू, तू मालवणचो मां?" सुचित्राबाई आपल्या आईच्या बोलीत शिरल्या. "मी परबांची, कांदळगावची. पोर मेलोहा. तुझ्या हातान भरलेल्या टाकीन मेलोहा. उद्या पोलीस तुझ्याच दारात येतले."

लवूचा चेहरा उतरला, पण राग तसाच राहिला. "मी काटो बघान भरलंय! काटो पंचवीस दाखवी, म्हणान परत ऑक्सिजन चढवलंय. दोनदा! तेव्हा खंय बत्तीस झाले."

"असा आधी कधी झाला होता?"

"कधीच नाय. त्या आठवड्यात सगळाच खराब. अगरबत्ती पण भेसळीची मिळाली."

सुचित्राबाई फोटोकडे बघत होत्या. त्या वळल्या. "काय म्हणालास?"

लवूला त्याचं दुःख सांगायला कुणी मिळालंच नव्हतं. बुधवारी त्याने नवा पुडा आणला. गुरुवारी सकाळी देवाला एक काडी लावली तर ती भसाभस जळून पाच मिनिटांत राख. शुक्रवारी तेच. संध्याकाळी तो पुडा घेऊन वाण्याशी भांडायला गेला.

"मग वाण्यान काय केल्यान?"

"तेना पुड्यातलीच एक काडी काढून थयसरच लावल्यान. ती मेली अर्धो तास जळत रवली. सगळ्यांदेखत माजी लाज काढल्यान! मी इलंय तो सायबांकडे रडलंय. सायब आत इले, पाइपाक कान लावल्यानी, माका चाय पिऊक धाडल्यानी. परत येतंय तर दार उघडां, पंखो चालू. म्हणाले, आजपासून हयसर अगरबत्ती बंद."

"शुक्रवारी संध्याकाळी? अपघाताच्या आधी?"

"आधीच. चार वर्षां लावतंय, कधी नाय बोलले ते."

"आणि ह्यो नवो पाइप?"

"शनिवारी सकाळी. सायबांनी स्वतः लावल्यानी. मगे तो मीटर घेवन गॅलरीत गेले आणि खूप येळ उभे रवले."

सुचित्राबाईंनी वही उघडली, 'सोळा'भोवती गोल काढला आणि शेजारी एक गुणाकार केला. मग फोन काढून अंबिकाला सांगितलं, "चार वाजता लालबागला या. शिव्या तिथे येऊन द्या."

५

चार वाजता काउंटरच्या एका बाजूला हितेंद्र, दुसऱ्या बाजूला अंबिका आणि दारात लवू. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

"आधी अगरबत्ती," सुचित्राबाई म्हणाल्या. "एकाच पुड्यातली काडी वाण्याच्या दुकानात अर्धा तास जळते आणि या खोलीत पाच मिनिटं. काडी तीच, म्हणजे हवा वेगळी. ऑक्सिजनचा पाइप गळत होता. दार बंद, एसी चालू, ऑक्सिजन आतच साठला. खोलीत एकवीसच्या जागी सत्तावीस टक्के झाले असतील."

"असतील! म्हणजे अंदाज," हितेंद्र म्हणाला.

"ऐका. त्या खोलीत मीटर हवेवर लावला. म्हणजे सत्तावीस टक्क्यांना मीटरला सांगितलं की हे एकवीस. तिथून तो प्रत्येक आकडा कमीच दाखवणार. लवूने बत्तीस भरले तर काट्यावर पंचवीस. म्हणून त्याने आणखी ऑक्सिजन चढवला. काट्यावर बत्तीस दिसले तेव्हा आत बेचाळीस होते. मग सहा जणांनी त्याच मीटरवर मोजलं आणि सहाही जणांना बत्तीस दिसले. कुणी लबाडी केली नाही. अवधूतने दोनदा मोजलं, दोनदा चुकीचं उत्तर मिळालं."

"दोनदा," अंबिका म्हणाली. हितेंद्र मात्र मागे रेलला.

"चांगलं आहे. मग दोष हिचा. आत मोजायला हिनेच नेलं. मी गळका पाइप बदलला, मॅडम. जबाबदार मालक तेच करतो. गळती खोलीत होती, टाकीत नव्हती. मला काय स्वप्न पडलं होतं की मीटरचं असं होतं?"

"शुक्रवारी संध्याकाळी कदाचित नव्हतं. मी तुम्हाला शुक्रवार माफ केला असता." सुचित्राबाईंनी वही त्याच्यासमोर सरकवली. "पण सकाळी तुम्ही मला एक आकडा दिलात. सोळा. सत्तावीसच्या हवेवर लावलेला मीटर मोकळ्या हवेत नेला तर नेमके सोळा दाखवतो. करून बघा गुणाकार: बेचाळीसचे बत्तीस दिसत होते, तर एकवीसचे सोळाच दिसणार. मेलेला सेन्सर कितीही दाखवेल. इतका बरोबर सोळा दाखवणार नाही. तुम्ही तो आकडा कधी बघितलात? लवू सांगतो शनिवारी सकाळी, गॅलरीत. एकवीसऐवजी सोळा. वीस वर्षं या धंद्यात असलेल्या माणसाला त्याचा अर्थ कळायला किती वेळ लागतो?"

हितेंद्रने वही परत त्यांच्याकडे ढकलली.

"खूप येळ उभे होते," लवू दारातून म्हणाला.

"तू गप रे!" हितेंद्र उसळला. "सगळे गप! शनिवारी काय करायचं होतं मी? सोमवारी संस्थेची तपासणी होती. तुमचीच! सहा टाक्या परत बोलवायच्या, ट्रिप कॅन्सल करायची आणि लिहून द्यायचं की माझ्या सेंटरमध्ये महिनाभर गळका पाइप होता? आठ-दहा टक्क्यांनी सगळे मरतात का? मरतात का सांगा! पाच जण आले ना परत!"

अंबिका काउंटरवरून झेपावली. लवूने तिला मधेच पकडलं नसतं तर तिने त्याचे डोळे काढले असते. "एक फोन!" ती किंचाळत होती. "शनिवारी आख्खा दिवस आम्ही किनाऱ्यावर होतो. एक फोन करायचा होतास रे!"

हितेंद्र तिच्याकडे बघतही नव्हता. आपण 'महिनाभर' म्हणून गेलो हे त्याच्या आता लक्षात आलं होतं, आणि सुचित्राबाई ते लिहून घेत होत्या.

६

अहवाल त्यांनी तिथेच, आवारातल्या कट्ट्यावर बसून पुरा केला. हितेंद्रवर दीड पान झालं. मग त्यांनी आणखी दोन ओळी लिहिल्या आणि कागद अंबिकासमोर धरला.

अंबिकाने वाचलं. "मीटर मोकळ्या हवेत लावण्याचा नियम शिक्षिकेने त्या दिवशी पाळायला लावला नाही आणि तपासणीत ती बाब लपवली. कार्ड एक वर्ष स्थगित करावं."

"मला वाटलं तुम्ही मला सोडवलंत," ती म्हणाली.

"तुरुंगातून सोडवलं. गॅलरीतून आत तुम्हीच आणलंत त्यांना."

"रंगाचा वास येत होता हो! पोरं खोकत होती!"

"गोदीत मला रोज कारणं ऐकवायचे, अंबिका. सगळी खरी असायची. दोन ओळी मी काढणार नाही."

अंबिकाने त्यांच्याकडे इतक्या द्वेषाने पाहिलं की सुचित्राबाईंनी नजर वळवली. त्यांना तिची दया येत होती आणि ती दाखवायची त्यांची तयारी नव्हती. अंबिका उठली. "करी रोड. त्या म्हाताऱ्याला कोण सांगणार? तुम्ही?"

"सांगेन."

"नको. मी सांगते. तुम्ही नुसत्या बरोबर या."

चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर तात्यांचं दार उघडंच होतं. अंबिकाला बघताच ते खुर्चीतून उठले आणि सुचित्राबाईंना वाटलं, आता हे हात उगारणार. अंबिका उंबऱ्याबाहेरच थांबली.

"तात्या, त्याने मोजली होती. दोनदा. स्वतःच्या हाताने. मी बघितलं."

तात्या दारापर्यंत आले.

"मीटर चुकीचा लागला होता. पाठारेला माहीत होतं, त्याने सांगितलं नाही. पण मीटर बाहेर लावायचा असतो आणि त्या दिवशी मी तो आत लावू दिला. ते माझं." तिने सुचित्राबाईंच्या हातातली, वाटेत काढलेली अहवालाची झेरॉक्स घेऊन पुढे केली. "इथे लिहिलंय."

तात्यांनी चष्मा लावला आणि शेवटून सुरुवात करून सबंध कागद वाचला. अवधूतचं नाव आलं तिथे त्यांचं बोट थांबलं. बाजूच्या बिऱ्हाडात कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत ते बोट तिथून हललं नाही.

"म्हणजे त्याने सगळं बरोबर केलं," ते म्हणाले.

"हो."

"तुझ्यावर विश्वास ठेवला तेवढं सोडून."

तात्यांनी कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला, वर बटण लावलं आणि दोघींच्या तोंडावर दार बंद केलं.